सायन मिल्स: जवसाच्या सुतावर वसलेलं गाव

उत्तर आयर्लंडच्या टिरोन परगण्यात, स्ट्रबेनच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर सायन मिल्स आहे. डेरीहून ओमाला जाणारा ए-5 रस्ता गावातूनच जातो. डब्लिनहून येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. सरहद्दीवर कुणी अडवत नाही, त्यामुळे आयर्लंडचा व्हिसा पुरेल असं वाटतं. पण हा भाग ब्रिटनचा. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तरच तो इथे चालतो, नाहीतर ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो.

गाव पाहायला मी मोर्न नदीपासून सुरुवात करते, कारण गिरणी इथे आली ती नदीमुळे. 1835 साली हर्डमन बंधूंनी काठावरची जुनी पिठाची गिरणी घेऊन तिथे लिननचं सूत कातायला सुरुवात केली. नदीने चाकं फिरवली, पण पाण्याचं काम तिथे संपत नव्हतं.

लिनन म्हणजे जवसाचा वाख, खोडाच्या सालीतला धागा. आपण विदर्भात तेलासाठी पेरतो तेच जवस, फक्त वाण उंच आणि कमी फांद्यांचं. धागा आखूड होऊ नये म्हणून ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पेंढ्या बांधून, वर दगड ठेवून आठ-दहा दिवस डबक्यात कुजवत, अगदी आपल्या अंबाडीसारख्या. लवकर काढल्या तर साल काडीला चिकटून राहते. उशीर झाला तर वाखच कुजतो आणि विंचरताना तुटून त्याचा नुसता पुंजका होतो. डबक्याचं पाणी नदीत सोडलं की मासे मरत, आणि मोर्न तर सामन माशांची नदी.

वाखाचे तंतू एकमेकांना नैसर्गिक डिंकाने चिकटलेले असतात. कोरडे कातले तर जाडंभरडंच सूत निघतं. 1825 मध्ये इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या जेम्स के यांनी पेळू गरम पाण्यातून नेण्याची युक्ती काढली: डिंक सैल होतो, तंतू सरकतात आणि बारीक सूत निघतं. एका पौंडात 300 वारांच्या किती लडी बसतात, त्यावर लिननच्या सुताचा नंबर ठरतो. 40 नंबर म्हणजे एका पौंडात 12,000 वार!

त्या बारीक सुताची किंमत बायकांनी मोजली. चात्यांवरून उडणारं पाणी अंगावर झेलत, ओल्या फरशीवर त्या दिवसभर अनवाणी उभ्या असत. खातं वाफेने भरलेलं. विंचरणीच्या खात्यात उलट कोरडी धूळ, ती छातीत बसे. मालकांनी घरं बांधली, शाळा काढली, हे खरं. पण गावातली ती नीटस घरं पाहताना ही खाती विसरू नयेत असं मला मनापासून वाटतं.

गिरणी 2004 मध्ये बंद पडली. ती बाहेरूनच पाहावी. हर्डमनांचे जावई, वास्तुविशारद विल्यम अन्सवर्थ यांचं काम मात्र गावभर दिसतं: लाकडी चौकटींची घरं आणि इटालियन वळणाचं गुड शेफर्ड चर्च.

क्रिकेटप्रेमींनी मैदान चुकवू नये. 2 जुलै 1969 रोजी क्लाइव्ह लॉइड खेळत असलेला वेस्ट इंडीजचा संघ आयर्लंडने इथे 25 धावांत गुंडाळला. खेळपट्टी ओली होती. डग्लस गुडविन यांनी 6 धावांत 5 बळी घेतले.