छापील चौकड आणि आडवा धागा

लहान कापड दुकान उघडायला निघालेल्या एका ताईंनी पहिला माल निवडण्यासाठी मला घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात सोबत नेले, तेव्हा मी तिथे कापड कापणारा माणूस म्हणून गेलो होतो, विकणारा म्हणून नव्हे. ताक्यावर कापड देखणे दिसते की नाही हे कोणीही सांगू शकतो. ते कात्रीखाली, शिलाईत आणि पहिल्या धुण्यात कसे वागते, हे मात्र कटिंगच्या टेबलाशी उभे राहणाऱ्यालाच कळते, असे माझे ठाम मत आहे. ताईंना नेमके तेच जाणून घ्यायचे होते.

त्यांनी आणलेली यादी कापडाच्या नावांची होती: पॉपलिन, केंब्रिक, रेयॉन, क्रेप, जॉर्जेट, लिनन, आणि प्रत्येकात चार-पाच नक्ष्या. मी त्यांना तीच यादी कपड्यांच्या नावांनी पुन्हा लिहायला सांगितले. म्हणजे शर्टासाठी काय, लहान मुलींच्या फ्रॉकसाठी काय, पँटसाठी काय, अस्तरासाठी काय. गिऱ्हाईक दुकानात येते ते मनात कपडा ठरवून, आणि मगच कापडाला हात लावते. यादी अशी फिरवल्याबरोबर निम्मी नावे गळली आणि दोन रिकाम्या जागा उघड्या पडल्या: अस्तराचे कापड तिच्यात नव्हतेच, आणि साधे एकरंगी कापड फार कमी होते. पांढरा, काळा, साय-रंग आणि गडद निळा हे चार रंग वर्षभर खपतात. शिवाय प्रत्येक नक्षीच्या कापडाला जोड म्हणून एखादे एकरंगी कापड लागतेच. नक्षी जुनी होते, पांढरे पॉपलिन जुने होत नाही. म्हणून भांडवल थोडे असेल तर नक्ष्या मोजक्या आणि एकरंगी माल भरपूर ठेवावा, हे मी त्यांना आग्रहाने सांगितले.

गोदामात नजर खिळली ती एका छापील चौकडीवर. निळ्या-पांढऱ्या चौकटी, हाताला मऊ, रंग स्वच्छ, पन्ना ५८ इंचांचा. ताईंना ती शर्टासाठी इतकी आवडली, की त्यांनी एकदम तीन ताके बाजूला काढायला सांगितले. मी व्यापाऱ्याची परवानगी घेऊन ताक्याच्या मोकळ्या टोकाला, किनारीपाशी, कात्रीने छोटा काप दिला आणि कापड आडवे फाडले. सुती पॉपलिन आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटते, त्यामुळे फाटलेली कड म्हणजेच धाग्याची खरी दिशा. त्या कडेला चौकडीची रेघ समांतर असायला हवी होती. एका किनारीशी ती कडेला चिकटून निघाली आणि दुसऱ्या किनारीपर्यंत पोहोचताना दोन इंचांहून अधिक दूर सरकली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. छपाईच्या आधी ओले कापड दोन्ही किनारींना पकडून ताणत वाळवले जाते. त्यात एक किनार दुसरीच्या पुढे धावली, तर आडवे धागे तिरपे होतात. त्यावर नक्षी किनारीला काटकोनात, अगदी नेटकी छापली जाते, म्हणून ताक्यावर काहीच खटकत नाही. पण कापड धुतले, की ताण सुटतो, धागे मूळ जागी परतू लागतात आणि त्यांच्याबरोबर चौकडी वाकडी होते. विणीतच रंगीत सूत घालून केलेली चौकड असती, तर कापड ओढून काही अंशी सरळ करता आले असते. छापील चौकडीला तो उपाय नाही. नक्षीप्रमाणे कापले तर शर्ट धुतल्यावर अंगात पिळतो, आणि धाग्याप्रमाणे कापले तर बटणपट्टीवर दोन बाजूंच्या रेघा तिरक्या दिसतात.

व्यापारी म्हणाले, “मास्तर, एवढं कोण बघतं?”

मी म्हणालो, “शेठ, शिवणारा बघतो. आणि तो गिऱ्हाइकाला दुकानाचं नाव विचारतो.”

ताईंनी लगेच ते ताके परत ठेवायला सांगितले. एवढे आवडलेले कापड त्यांनी क्षणात सोडले, याचे मला फार कौतुक वाटले.

रेयॉनच्या बाबतीत निर्णय निराळा झाला. नमुन्याचे तुकडे ताईंनी आधीच मागवले होते आणि माझ्या सांगण्यावरून त्यांवर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून ते धुतले, वाळवले आणि इस्त्री केले होते. चौकोन लांबीत ४७ सेंटिमीटर भरला, म्हणजे ६ टक्के आटला. अडीच मीटर कापडात ही तूट १५ सेंटिमीटरची होते. शिवाय रेयॉनची ताकद ओले असताना जवळजवळ निम्मी होते, म्हणून ते पिळायचे नसते. तरीही मी ते नाकारू दिले नाही, कारण त्याच्यासारखी झूल, म्हणजे अंगावर मऊ आणि सैल पडण्याचा गुण, त्या दर्जाच्या सुती कापडाला येत नाही. कापताना थोडे जास्त द्यावे आणि शिवण्याआधी भिजवून घ्यायला सांगावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. जे कापड आटते ते वाईट नसते. आटते हे न सांगता विकणे वाईट.

अस्तर निवडायला फार वेळ लागला नाही: पातळ, सुती, रंग न सोडणारे. ओला पांढरा रुमाल घासून पाहिला, डाग पडला नाही, घेतले.

काळ्या कापडाचे दोन ताके मात्र मी दाराशी, उजेडात न्यायला लावले. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखे दिसत होते. उजेडात एक तांबूस काळा निघाला आणि दुसरा निळसर. रंगाईचा लॉट, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेला माल, वेगळा असला, की असे होते. पँटचे कापड एका ताक्यातून आणि राहिलेला तुकडा महिन्याभराने दुसऱ्यातून दिला, तर भरपाई दुकानदारालाच करावी लागते. आम्ही दोन्ही ताके एकाच लॉटचे मागितले आणि ते मिळाले.

शेवटी व्यापाऱ्यांनी स्वतःहून त्याच निळ्या चौकडीचे दुसऱ्या लॉटचे ताके उघडले आणि या वेळी फाडण्याचे काम त्यांनीच केले. एका ताक्याची रेघ कडेला अखेरपर्यंत समांतर राहिली. ताईंनी तेवढा एकच घेतला, त्याच्या आतल्या टोकाला लॉटचा क्रमांक लिहून ठेवला आणि वाचलेल्या पैशांत पांढऱ्या पॉपलिनचा आणखी एक ताका बांधून घेतला.