काकूंची पिशवी

इंदूरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघायच्या आदल्या दिवशी रामबागेतल्या काकूंना त्यांचा मुलगा जवळजवळ उचलूनच माझ्या दवाखान्यात घेऊन आला. वय ७२, निवृत्त शिक्षिका, भजनी मंडळाचा सगळा हिशोब तोंडपाठ. "डॉक्टरताई, सकाळी पोह्यांवरच्या मसाल्याची, जिरावनाची डबी हातात धरून जिरावन कुठंय विचारत होती. हा विसरण्याचा आजार तर नाही ना?"

मलाही आधी मेंदूचीच शंका आली. पण हातपाय दोन्हीकडे सारखे चालत होते, चेहरा वाकडा नव्हता. जीभ मात्र कोरडी ठाक. आठवडाभर पोट साफ नाही, रात्री चारचारदा लघवीला उठणं. रक्त पाठवलं. संध्याकाळी लॅबमधून फोन आला: कॅल्शियम १३.८. साडेदहाच्या वर गेलं तरी आम्ही कारण शोधू लागतो; इतकं वाढलं की माणूस गोंधळतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं, २.१.

"घरात गोळी, पुडी, बाटली जे असेल ते सगळं घेऊन या," मी मुलाला सांगितलं.

त्यानं कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. दोन वेगवेगळ्या नावांचं कॅल्शियम. नातीनं अमेरिकेहून आणलेलं मल्टिव्हिटॅमिन. लोहाच्या कॅप्सूल. आणि डी-३ च्या, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या पुड्या, एकेक ६०,००० युनिटची. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर आठवड्याला एक लिहिली होती. कुणा मैत्रिणीनं सांगितलं, रोज घे, गुडघे लवकर मोकळे होतील. म्हणून दिवाळीपासून रोज रात्री दुधातून.

पिशवीत माझी बीपीची गोळीही होती, क्लोरथॅलिडोन. लघवीवाटे जाणारं कॅल्शियम ती अडवते. जानेवारीत मी विचारलं होतं, "काकू, औषधं कोणती चालू आहेत?" "तुझी एकच गं." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. बाकीची त्यांच्या लेखी औषधं नव्हतीच, ताकदीची होती. मी प्रश्नच चुकीचा विचारला. ते अजून मला टोचतं.

तेव्हाच ॲडमिट केलं, सलाईन लावलं, पिशवीतलं सगळं बंद. व्हिटॅमिन डी दीडशेच्या वर, विषबाधेच्या पातळीला निघालं. चौथ्या दिवशी काकूंनी मंडळाची वही मागितली. पण रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, महिनोन्‌महिने झिरपत राहतं, म्हणून कॅल्शियम पुढेही तपासत राहावं लागलं.

लोहाचंही बोलायला हवं. काकूंचं हिमोग्लोबिन १३, म्हणजे पुरेसं. पाळी थांबल्यावर दरमहाचं रक्त जाणं थांबतं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ३८,७७२ वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०११ साली छापला गेला, लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. गोळ्यांमुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण गरज नसताना त्या घ्यायच्या कशाला?

तीन महिन्यांनी कॅल्शियम ९.८ वर आलं. क्रिएटिनिन मात्र १.३ वरच थांबलंय. पूर्वी काकूंचं ०.९ असायचं.