जागा आहे

रात्री साडेअकराला अंधारात रस्त्याकडेच्या एका मोटेलची लाल अक्षरं दिसली: ‘व्हेकन्सी’. शेवटचा ‘सी’ फुरफुरत होता. मला तो राजवाडा वाटला, नवऱ्याला छपरावरचा गंजका पत्रा दिसला. पण झोप मला जास्त आली होती, म्हणून माझं मत चाललं.

अशा पाट्यांवर ‘नो’ हा शब्द वेगळ्या बटणावर असतो. खोल्या भरल्या की तेवढा पेटवायचा. इथला ‘नो’ शेवटचा कधी पेटला होता, हे काउंटरवरच्या आजोबांना विचारावंसं वाटलं, पण रिकाम्या पार्किंगकडे बघून जीभ आवरली. गावाबाहेरून नवा महामार्ग गेला की गाड्या गावात शिरायच्या बंद होतात. अमेरिकेत रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या कितीतरी मोटेलांचं हेच झालं. तो रस्ता महामार्गांच्या अधिकृत यादीतून गेला १९८५ साली, गिऱ्हाईक मात्र त्याच्या बरंच आधी गेलं होतं.

‘मोटर’ आणि ‘हॉटेल’ यांना एकत्र चेपून ‘मोटेल’ झालं. तो शब्द घेऊन पहिलं मोटेल १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोला उघडलं. खरी पाहुणी गाडी. आपण तिच्याबरोबर आलेले. म्हणून तर दार उघडलं की समोर तीच, काचेला नाक लावून उभी.

आत गेल्यावर बॅगा थेट बाथटबात. पलंगावर काही टाकायचं नाही, हा आमचा नियम. मग नवरा टॉर्च घेऊन गादीचे कोपरे उचलतो आणि शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके शोधतो, एखाद्या गुन्ह्याचा तपास चालल्यासारखा. ठिपके नव्हते. पलंगाखाली लहान मुलाचा एकच मोजा होता, त्यावर बदक.

खोलीला शिळ्या सिगरेटचा वास होता, ‘धूम्रपान मनाई’च्या पाटीसकट. झोप तर उडालीच होती, म्हणून मी खोली वाचायला घेतली. पडद्याच्या दोन पाकळ्या मधे मिटत नव्हत्या. कुणीतरी पँटच्या हँगरचे चिमटे लावून त्या जोडल्या होत्या. टेबलाच्या लंगड्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. रिमोटला चिकटपट्टी. फ्लशच्या टाकीत तुटलेल्या साखळीच्या जागी कागदाची पिन. (हो, मी टाकी उघडली. रात्री दीड वाजता माणूस काहीही उघडतो.) हे मालकाचं काम नव्हे. त्याने केलं असतं तर निदान पाय तरी बदलला असता. ही एकेका रात्रीपुरत्या आलेल्या माणसांची डागडुजी. सकाळी निघून जायचं असताना कुणी अर्धी झोप मोडून टेबल का सावरतं? तेही दुसऱ्याचं?

खिडकीतला एसी मात्र कुणाला जमला नव्हता. दर चार मिनिटांनी तो दचकून सुरू व्हायचा आणि त्याची जाळी दातांवर दात वाजल्यासारखी खडखडायची. मी उठले, पर्समध्ये चाचपडले, सापडला तो कागद चौघडी करून जाळीच्या फटीत खुपसला. खडखड थांबली.

सकाळी किल्ली काउंटरवर ठेवून गाडीत बसलो. उन्हात ‘व्हेकन्सी’ वाचताही येत नव्हतं. नवरा हिशेबाची वही काढून म्हणाला, “अगं, कालची पेट्रोलची पावती कुठंय?”

“कामावर आहे,” मी म्हटलं. “चल तू.”