गंजाडला जाल तर आधी भिंतीला वेळ द्या

विरारहून डहाणू लोकल, डहाणू रोडला पूर्वेला उतरून शेअर रिक्षा, की पालघर जिल्ह्यातलं वारली चित्रांचं गाव, गंजाड. वाटेवरच्या चिकूच्या वाड्यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते भिंतीबद्दल. बाहेरून येऊन, इथे राहून गावकऱ्यांबरोबर भिंती रंगवणारे कलाकार चित्राचा विचार महिनोन्‌महिने करतात आणि भिंतीसाठी दोन दिवस ठेवतात, हे पाहून जीव तुटतो.

गंजाडच्या कळंबीपाड्यावर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे राहायचे. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी इथे कागद आणला आणि भिंतीवरची वारली चित्रं जगभर गेली. पुढे बिहारच्या सुजाता गावात २०१० साली जपानी मंडळींच्या पुढाकाराने सुरू झालेला वॉल आर्ट फेस्टिव्हल, म्हणजे भिंती रंगवण्याचा महोत्सव, गंजाडला आला. सुजाताच्या शाळेत युसुके असाई या चित्रकाराने गावच्याच मातीने वर्गाच्या भिंती रंगवल्या होत्या. बाहेरच्या माणसाने इथे काय करावं, याचं मला पटलेलं उत्तर तेच आहे: रंग डब्यातून आणायचा नाही, पायाखालून घ्यायचा.

इथलं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या लावून बांबूच्या कामट्यांनी आडव्या आवळतात. काठी वाळलेलीच हवी. ओली लावली तर ती आत आकसते, मातीची पकड सुटते आणि महिन्याभरात पोपडे पडतात. माती आदल्या रात्री भिजवायची. साधारण पाच घमेली मातीला दोन घमेली ताजं शेण आणि एक घमेलं भाताचं तूस, आणि सगळं पायाने तुडवायचं. हाताने कालवलेल्या चिखलात गुठळ्या राहतात, त्या वाळल्या की निखळतात. माती फार चिकट असेल तर तूस वाढवायचं, नाहीतर भेगा ठरलेल्या. पहिला थर बोटभर जाड. तो अर्धवट सुकला, म्हणजे बोट दाबलं तर ठसा उठतो पण माती हाताला लागत नाही, की दुसरा पातळ थर. पूर्ण कोरड्या थरावर दुसरा नीट धरत नाही, कारण खालचा थर त्याचं पाणी लगेच पिऊन टाकतो. नाइलाजच असेल तर आधी पाणी शिंपडायचं. कडक उन्हातली भिंत पेंढ्याने झाकायची. मग सारवण, आणि त्यावर फडक्यातून गाळलेला गेरू.

घाई होते ती नेमकी इथे. गेरू वरून कोरडा दिसतो, आत भिंत ओलीच असते. त्यावर पांढरं काढलं की ओल बाहेर येताना रेघ फुटते, कडा पिवळट पडतात. भिंतीला तळहात टेकवा. गार लागला तर थांबा. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या हवेतही आठवडा धराच.

पांढऱ्यासाठी तांदूळ चार-पाच तास भिजवून पाट्यावर गंधासारखे वाटायचे, गाळायचे आणि भिजवलेला डिंक थोडाच घालायचा. डिंक कमी पडला तर रेघ हाताला पुसून येते, जास्त झाला तर पापुद्रा होऊन सुटते. वाटण त्याच दिवशी संपवायचं. दुसऱ्या दिवशी ते आंबतं आणि भिंतीवर बुरशी धरतं. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला होतो.

शाळेच्या सिमेंटच्या भिंतीवर माती लावण्याचा हट्ट असेल तर छिन्नीने खाचा पाडून ती खरबरीत करा, ऑइलपेंट असेल तर खरवडून काढा. नुसत्या गुळगुळीत भिंतीवरून माती अख्खी पाटी सुटावी तशी खाली येते.

आता तक्रार. लग्नाचा चौक, म्हणजे वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, ही सजावट नाही. सवासिनी तो काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि त्यात वारल्यांची पालघट देवी बसते. ‘तसाच एक चौक प्रकल्पासाठी काढून द्या’ ही मागणी करूच नये. झाडं, पाखरं, भातलावणी, तारपा नाच, एवढं मोठं जग रंगवायला मोकळं आहे.

वेळही गावाची पाहावी. आषाढ-श्रावणात माणसं शेतात आणि माती ओली. भातकापणीनंतर तूस-पेंढा मिळतो, पण दिवाळीनंतर या पट्ट्यातली कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पाड्यावर म्हातारी-पोरं उरतात. कापणी उरकते आणि भट्टीची उचल घेतली जाते, त्यांच्या मधले दिवस आधी येऊन, गावात विचारून ठरवायचे. कामाला येणाऱ्याला दिवसाचा रोज, म्हणजे मजुरी, द्यायचा, भट्टीवर मिळेल त्याहून कमी नाही. माती तुडवणारीलाही तोच, रेघ काढणाऱ्यालाही तोच. पाहुणचाराच्या भाकरीला मोबदला समजून चालणारे कलाकार मला अजिबात आवडत नाहीत. आणि फलकावर नावं लिहिताना ‘स्थानिक समुदायाच्या सहकार्याने’ असं मोघम लिहू नका. माती तुडवणाऱ्या बाईचं नाव विचारून घ्या आणि स्वतःच्या नावाएवढ्याच अक्षरांत लिहा.

पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूची भिंत झापांनी, म्हणजे पानांच्या तट्ट्यांनी, झाकावी लागते. तरी पुढच्या वर्षी सारवण आलंच. त्याचं शेण, गेरू आणि दोन दिवसांचा रोज पहिल्याच खर्चात धरा.