माद्रिदमध्ये एका दिवसात दोन म्युझियम

माद्रिदला तीन दिवस होते आणि त्यातला एक फक्त चित्रांसाठी, हे मी आणि माझ्या मैत्रिणीनं निघण्याआधीच ठरवलं होतं. प्रादो, थायसन आणि रेना सोफिया ही तिन्ही म्युझियम एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नकाशा पाहिला की एका दिवसात तिन्ही सहज होतील असं वाटतं. मी तसं वेळापत्रकही लिहून काढलं होतं, मंगळवारचं. आदल्या रात्री मैत्रीण वेळा तपासत होती, ती एकदम म्हणाली, "अगं, रेना सोफिया मंगळवारी बंद असतं!" मग बेत बुधवारवर ढकलला, आणि पुन्हा जुळवाजुळव करताना थायसन सोडून दिलं. सोडताना जिवावर आलं. पण आधीच्या प्रवासात तिसऱ्या म्युझियममध्ये आम्ही दोघी नुसत्याच पाट्या वाचत फिरलो होतो, ते आठवत होतं.

प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ मोफत असतं. आम्ही तरी सकाळी दहाचीच तिकिटं ऑनलाइन काढली, कारण डोळे ताजे असताना सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझ बघायचा होता. आत मोठ्या बॅगा नेऊ देत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत. फोटोंची मनाई मैत्रिणीला आधी खटकली होती. तासाभरानं तिनं कबूल केलं की बरंच झालं. फोन पर्समध्ये गेला की माणूस चित्रासमोर जास्त वेळ उभा राहतो, हे मी तिच्याकडेच बघून सांगते आहे.

'लास मेनिनास' समोर आम्ही अर्धा तास होतो. १६५६ सालचं हे चित्र तीन मीटरहून उंच आहे. मधोमध छोटी राजकन्या मार्गारीता, डावीकडे कुंचला धरून खुद्द वेलाझकेझ, आणि मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी. पण मला खिळवून ठेवलं ते राजकन्येच्या बाहीनं. जवळ गेलं तर तिथे पांढरे, करडे, लालसर असे नुसते घाईचे फटकारे दिसतात, कापड कुठेच नाही. चार पावलं मागे आलं की झुळझुळीत रेशीम! मी पुढे-मागे किती वेळा केलं कोण जाणे.

इथेच आम्ही एक गोष्ट ठरवली आणि ती फार उपयोगी पडली. तिला चित्रकार बॉशच्या चित्रांपाशी रेंगाळायचं होतं, मला स्पॅनिश चित्रकार गोयाकडे जायचं होतं. एकमेकींसाठी ताटकळत राहिलं की दोघींचाही विरस होतो. म्हणून दीड तासानं गोयाच्या '३ मे १८०८' समोर भेटायचं ठरवून आम्ही वेगळ्या झालो. बरोबर आलो म्हणून पावलाला पाऊल जुळवायलाच हवं असं नाही. भेटल्यावर तिच्याकडे सांगण्यासारखं वेगळं असतं आणि माझ्याकडे वेगळं.

नेपोलियनच्या सैन्यानं माद्रिदच्या लोकांना गोळ्या घातल्या, त्या रात्रीचं हे चित्र गोयानं १८१४ मध्ये काढलं. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस दोन्ही हात पसरून उभा आहे, जमिनीवरच्या कंदिलाचा सगळा उजेड त्याच्यावर. मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सैनिकांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही बघ."

दुपारी पोटात काहीतरी ढकललं आणि मुद्दाम तासभर बागेत बसून राहिलो. पाय बोलत होतेच, पण थकतात ते डोळे. मग रेना सोफिया. ही मूळची अठराव्या शतकातली रुग्णालयाची इमारत, दर्शनी भागाला आता काचेच्या लिफ्ट. आम्ही सरळ पिकासोच्या 'गेर्निका'कडे गेलो.

२६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि पिकासोनं त्याच वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी हे चित्र केलं. जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद, सगळं काळं-पांढरं-करडं. स्पेनमध्ये लोकशाही येईपर्यंत ते तिथे जाऊ नये असं त्यानं बजावलं होतं, त्यामुळे चित्र माद्रिदला आलं १९८१ मध्ये. हे मी आधी वाचलेलं होतं. पण सकाळचा गोया डोळ्यांत होता म्हणून जे दिसलं, ते कुठे वाचलेलं नव्हतं. गोयाच्या चित्रात मारणाऱ्यांना निदान पाठ तरी आहे. इथे मारणारे चित्रात नाहीतच. आहेत ती फक्त मरणारी माणसं आणि जनावरं. दोन्ही चित्रं एकाच दिवशी पाहिली नसती, तर हे मला जाणवलं नसतं.

खाली पडलेल्या योद्ध्याच्या मुठीत तुटकी तलवार आहे, आणि तिच्याजवळ फिकट रेषांचं एक फूल. ते मैत्रिणीनं दाखवलं.

चित्र होत असताना पिकासोची मैत्रीण, छायाचित्रकार डोरा मार हिनं काढलेले फोटोही या म्युझियममध्ये आहेत. सुरुवातीच्या एका फोटोत योद्ध्याचा हात मूठ वळून सरळ वर गेलेला दिसतो, नंतर पिकासोनं तो काढून टाकला. मैत्रीण तो फोटो बघून पुन्हा चित्रासमोर गेली आणि वर आलेली ती मूठ नेमकी कुठे होती ते शोधत राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.