तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनगनच्या पैशात जागा झाली असती

इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत माझ्या बंदुकीबद्दल कोणीतरी विचारतंच. "अहो, एका जुन्या मशीनगनला पंचवीस हजार डॉलर? तेवढ्यात माणगावला जागा झाली असती." इतकी वर्षं सरळ उत्तर टाळलं. आता एकदाचं सांगूनच टाकतो.

पहिलं म्हणजे, भाव आता पंचवीसच्याही वर गेलाय. माझ्याकडची ही थॉमसन एम१ए१, दुसऱ्या महायुद्धातली हातातली मशीनगन, १९४४ साली अमेरिकी सैन्याला साधारण ४५ डॉलरला पडायची. लोखंड तेच आहे, महाग झालाय तो कागद, म्हणजे सरकारदरबारची नोंद. १९३४ च्या कायद्याने अशा बंदुकीच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवला, तो आजही तेवढाच आहे. खरी मेख १९८६ ची. त्या वर्षीच्या १९ मेपासून सामान्य नागरिकाच्या नावावर नवी ऑटोमॅटिक बंदूक चढत नाही. आधी नोंदलेल्या आहेत तेवढ्याच हातोहात फिरतात.

कागद म्हणजे काय, ते मला एका म्हातारीच्या घरी कळलं. तिच्या नवऱ्याने मला या देशात आल्या आल्या गाडी शिकवली होती. तो गेल्यावर तिने बोलावलं: कपाटात काहीतरी आहे, बघून जा. ब्लँकेटात गुंडाळलेली जर्मन एमपी ४०, तीही मशीनगनच, युद्धातून आणलेली. मी हात लावला नाही. नोंद नसेल तर नुसती ताब्यात असणं हाही गुन्हा, दहा वर्षांपर्यंत तुरुंग.

मग आम्ही दोघांनी कागद शोधले. बुटांचे खोके, आयकराच्या फायली, बायबलची पानंसुद्धा. संध्याकाळी एक पिवळा कागद सापडला, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा: ही वस्तू युद्धात हस्तगत, घरी नेण्यास हरकत नाही. ती रडलीच. मलाही वाटलं, सुटलो. वकील म्हणाला, ही नोंद नव्हे. १९६८ मध्ये नोव्हेंबरभर सरकारने माफी दिली होती, तेव्हा बिनबोभाट नोंदवता आली असती. त्याने सरकारदरबारीही विचारून पाहिलं. नाव नव्हतं. बंदूक पोलिसांनी नेली, नष्ट करायला. "त्या अधिकाऱ्याची सही कशी पुरत नाही?" हे ती मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, जणू कायदा मीच केला होता.

त्या रात्री मी हळहळलो, हे खरं. बाजारातून एक कमी झाली म्हणजे माझीचा भाव चढेल का, असा हिशेबही मनात येऊन गेला, हेही खरं. तसा तो चढतही नाही, कारण बिननोंदीची बंदूक बाजारात कधी नव्हतीच. पण मनात आला.

पूर्वी या प्रश्नावर मी यशवंत घाडगेंचं नाव पुढे करायचो. आमच्याच माणगाव भागातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, जुलै १९४४ मध्ये इटलीत टॉमी गन, म्हणजे थॉमसनच, घेऊन शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऐकणारा गप्प बसायचा. पण मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा त्यांनी तीच बंदूक नळीकडून धरून सोट्यासारखी चालवली. मी माझीला तेल लावून तिजोरीत ठेवतो, ओरखडा पडला तर किंमत उतरेल म्हणून. त्यांचं नाव मी कोणत्या तोंडाने घ्यायचो?

मग विकत का नाही? बायकोही हेच विचारते. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी नाही म्हणतो, आणि फोन ठेवून ताजा भाव बघतो.