परसात दडवलेली बिनतारी केंद्रे

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि जर्मन सैन्य कोणत्याही दिवशी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरेल अशी धास्ती पसरली, तेव्हा ब्रिटिश लष्कराने ‘ऑक्झिलरी युनिट्स’ ही गुप्त संघटना उभारली. तिच्यातील घातपाती तुकड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र तिच्या ‘स्पेशल ड्युटीज’ या शत्रूवर नजर ठेवणाऱ्या शाखेचे मोल अधिक वाटते, कारण तिचा सारा भार साध्या गावकऱ्यांवर होता. शेतकरी, डॉक्टर, पाद्री, टपाल कचेरी सांभाळणाऱ्या स्त्रिया अशा ३,००० हून अधिक लोकांना शत्रूची वाहने आणि पलटणींची चिन्हे ओळखायला शिकवण्यात आले होते. डॉक्टर रात्री-अपरात्री बाहेर पडला किंवा पाद्री सायकलवरून दूरच्या वस्तीवर गेला, तर त्याचे कोणालाही नवल वाटले नसते, आणि नेमक्या याच गोष्टीवर सगळी योजना बेतलेली होती.

पाहिलेली माहिती चिठ्ठीवर लिहून ठरलेल्या जागी ठेवायची, दुसऱ्याने ती उचलून पुढे न्यायची, आणि अशा साखळीतून ती ‘आउट-स्टेशन’पर्यंत, म्हणजे कोणाच्या तरी घराच्या किंवा गोठ्याच्या आसपास दडवलेल्या बिनतारी यंत्रापर्यंत पोहोचायची. डेव्हनमधील अ‍ॅक्समिन्स्टरजवळ असे एक यंत्र परसातल्या संडासाखालच्या भुयारात होते. एरियल उंच झाडावर चढवत; खाली येणारी तार खोडाच्या सालीत खाच पाडून त्यात बसवत आणि वरून खाच बुजवून टाकत, त्यामुळे झाडाला टेकून उभ्या राहिलेल्या माणसालाही तिचा पत्ता लागणे कठीण होते.

यंत्राचे नाव टीआरडी. ते मोटारीच्या बॅटरीवर चालत असे आणि त्यावर थेट बोलता येत असल्यामुळे गावकऱ्याला मोर्स शिकण्याची गरज नव्हती, ही मला त्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. अतिउच्च कंपनसंख्येमुळे त्याचा पल्ला मर्यादित होता. पलीकडच्या ‘इन-स्टेशन’वर लष्कराच्या सिग्नल्स या संदेशवहन दलाचे जवान किंवा एटीएस या महिला दलातील अधिकारी ऐकत बसत, काही ठिकाणी हवामान खात्याची झोपडी भासावी अशा खोपटाच्या तळाशी त्यांची भूमिगत खोली असे. या महिलांच्या प्रमुख होत्या बिएट्रिस टेंपल.

त्याच काळात, १९४२ मध्ये, मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते आणि ब्रिटिश सरकारचे पोलीस त्याच्या मागावर होते, हेही आपण मराठी वाचकांनी आठवावे.

जर्मन आक्रमण झालेच नाही. जुलै १९४४ मध्ये शाखा बरखास्त झाली, यंत्रे लष्कराने परत नेली आणि आज एकही मूळ टीआरडी शिल्लक असल्याचे ज्ञात नाही. कित्येकांनी हे काम घरच्यांनाही न सांगता आयुष्य काढले. त्यामुळे कोणत्या घरात कोणते केंद्र होते याची नोंद करण्याचे काम आता स्थानिक संशोधकांकडे आले आहे. जुन्या झाडांच्या सालीत राहिलेल्या तारा आणि परसातली खचलेली भुयारे शोधत ते अजून फिरत आहेत.